माश्यांची ओळख परेड

ती बाटली आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. लोणच्याची, रुंद तोंडाची, पत्र्याच्या झाकणाची. आत मूठभर मेलेल्या माश्या. झाकणावर लाखेचे सील, सीलखाली दोन पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ‘मधमाश्या’ असे लिहिलेले. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत सुरे, कोयते आणि चोरीच्या सायकली यांच्या शेजारी ती ठेवलेली होती. चिठ्ठीवरचा तो शब्द खोटा होता आणि त्या एका खोट्या शब्दावर एक मुलगी पुन्हा त्याच घरात परत जाणार होती.

मी पोलिसांत भरती झाले तेव्हा चौथी पास बाई चालत असे, कारण बायका मिळतच नसत. शिपाई म्हणून लागले, जमादार होऊन निवृत्त झाले. बायकांचा मामला निघाला की मला हाक येई, मग मी बंदोबस्तावर असो की जेवायला बसलेली असो.

ही हकीकत पुण्याच्या उत्तरेच्या टोकाची. विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा भाजीचे मळे आणि गवळ्यांचे गोठे होते. सासरच्या छळाचे नवे कलम कायद्यात नुकतेच आले होते आणि ते लावायला बरेच अधिकारी बिचकत. घरातले भांडण घरात मिटू द्या, असे म्हणायची पद्धत होती. मिटायची ती बहुतेक वेळा मुलगीच.

एका दुपारी सरकारी दवाखान्यातून खबर आली. एक विवाहित मुलगी दाखल झाली आहे, तोंड सुजले आहे, गळ्यावर आणि हातांवर डंख आहेत, मधमाश्या चावल्या असे सासरचे सांगतात. असा पेशंट आला की दवाखान्याला पोलिसांना कळवावेच लागते. ठाणे अंमलदाराने डायरीला नोंद घेतली आणि फौजदार साहेब मला म्हणाले, “बाई, तुम्ही जाऊन मुलीला बघा. मी जागेवर जातो.”

हे साहेब पुण्यातल्याच जुन्या मुसलमान घराण्यातले. वडिलांचे घड्याळ दुरुस्तीचे दुकान होते. वडील गेले, दुकान गेले, पण डोळ्याला लावायचे भिंग साहेबांनी ठेवले होते. एखाद्या सहीची शंका आली की ते खिशातून काढायचे आणि डोळ्यात बसवायचे. ठाण्यातले लोक त्यावरून पाठीमागे हसत. समोर हसायची कोणाची छाती नव्हती.

दवाखान्यात ती मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. वय असेल बावीस-तेवीस. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फुटलेला. सासू खाटेवरच बसली होती आणि तिचा हात मुलीच्या पायावर होता. लांबून बघणाऱ्याला वाटावे, किती माया!

मी विचारले, “काय झालं ग?”

“मधमाश्या चावल्या.”

“कुठं?”

मुलीने सासूकडे पाहिले. सासूच बोलली, “शेपूच्या वाफ्यात. झेंडूच्या कडंला. पोळंच उठलं, बाई! आमी घोंगडी टाकली अंगावर म्हनून वाचली, न्हाईतर आज मयतीला आला असता तुमी.”

“मी तिला विचारलं.”

“तिला बोलाया येतंय का? व्हट बघा की.”

“आत्ता तर बोलली.”

सासूने पदर सारखा केला. तिला माझा राग आला होता, पण हात काही मुलीच्या पायावरून निघाला नाही. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी कागदावर कीटकदंश असे लिहून टाकले होते आणि दोन दिवसांत घरी सोडू असे सांगितले. मी मुलीला तीन वेळा तेच विचारले, तीन वेळा तेच उत्तर आले, जसे शाळेत पाठ करून म्हणतात तसे. शेवटी सासू तांब्या भरून आणायला उठली. तेवढ्यात मुलीने मान वळवली आणि म्हणाली, “बाई, माझी पोरगी कुठंय?”

तिला तीन वर्षांची मुलगी होती. सासूने ती शेजाऱ्यांकडे ठेवली होती. सासू परत आल्यावर मुलीने पुन्हा भिंतीकडे तोंड केले. त्या दिवशी ती आपणहून बोलली ते एवढेच वाक्य. मला तेवढे पुरे होते, पण तेवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही.

तिकडे जागेवर साहेबांना वेगळाच अनुभव आला. आपल्याकडे पोलीस दारात आले की लोक म्हणतात, कशाला लिहापढी, होऊन गेले ते गेले. इथे मुलीचा नवरा, धंद्याने गवळी, तोच साहेबांच्या मागे लागला. “साहेब, पंचनामा करा. उद्या तिच्या माहेरचे आमचं नाव घेतील. हे बघा, मेलेल्या मधमाश्या मी गोळा करून ठेवल्यात. जमा करून घ्या.” आणि त्याने ती लोणच्याची बाटली पुढे केली. पंच म्हणून दोन शेजारी आधीच येऊन उभे होते. त्यातला एक खडकीला कारखान्यात नोकरीला होता. त्याच्या घराची भिंत आणि गवळ्याच्या घराची भिंत एकच.

संध्याकाळी साहेब मला म्हणाले, “बाई, पंचनामा मागणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मागतोय ना, म्हटलं मग नीटच करू. सील लावून आणलंय. आता त्याला बदलता यायचं नाही, आणि आपल्यालाही.”

पण पुढे काय करायचे ते आम्हा दोघांनाही सुचत नव्हते. मुलगी तक्रार देत नाही, डॉक्टरांचा कागद कीटकदंशाचा, पंच ठाम. साहेबांनी कागद बंद करून ठेवले नाहीत एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात एक बाई आल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, चष्मा. राहायला नारायण पेठेत, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. अंमलदाराला म्हणाल्या, “आपण मधमाश्या जमा केल्या आहेत असं कळलं. मला बघायच्या आहेत.”

अंमलदार त्रासलेला होता. म्हणाला, “अहो बाई, इथं माश्या मारत बसायला वेळ नाही कोणाला.”

“ते दिसतंच आहे,” प्राध्यापकबाई म्हणाल्या. “तुमच्या चहावर बसल्या आहेत तेवढ्या तरी मारा. आणि अधिकाऱ्यांना बोलवा.”

मी त्यांना साहेबांकडे घेऊन गेले. खुर्चीवर बसल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. त्यांच्याकडे दुधाचा रतीब त्याच गवळ्याचा होता. नवरा-बायको मोटारसायकलवर किटल्या लावून शहरात यायचे. तो खाली गाडी धरून उभा राही, आणि जिने चढून घरोघरी दूध घालायचे काम बायकोचे. बाईंचा लहान नातू त्या आठवड्यात पोटाने आजारी होता. दोन दिवसांपूर्वी मुलीने दूध घालता घालता हळूच सांगितले होते, “बाई, हे दूध बाळाला देऊ नका. ह्यात ओढ्याचं पाणी आहे.”

“मग?” साहेब म्हणाले.

“मग मी जिना उतरून खाली गेले आणि त्याला चारचौघांत झापलं. तो नाकबूल करायला लागला, तेव्हा मी म्हटलं, तुझ्या बायकोनंच सांगितलंय.”

मी म्हणाले, “म्हणजे तिचं तोंड सुजलं ते तुमच्यामुळं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “हो,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच आले आहे. काल दूधच आलं नाही. आज सकाळी तो एकटाच आला. म्हणाला, बायकोला मधमाश्या चावल्या, आणि ऐट अशी की मधमाश्या पोलिसांत जमा आहेत. मी आयुष्यभर मुलांना किडे दाखवत आले. ज्यांनी तिला चावलं म्हणतात, त्यांना मला बघू द्या.”

साहेबांनी मुद्देमालाच्या नोंदवहीत सही करून बाटली मागवली. सील तोडायचे नव्हते. त्यांनी बाटली खिडकीतल्या उजेडात धरली आणि भिंग बाईंना दिले. बाईंनी बाटली हळू हळू फिरवली.

“दोन पंख,” त्या म्हणाल्या.

“मधमाशीला किती असतात?”

“चार. दोन मोठे, त्यांच्याखाली दोन लहान. ह्या माश्या आहेत. साध्या माश्या. मधमाश्या नव्हेत.”

“वाळल्या आहेत. दोन-दोन पंख गळून पडले असतील,” साहेब म्हणाले.

“पडले असतील तर बाटलीच्या बुडाशी दिसतील. शोधा.”

साहेबांनी भिंग डोळ्यात बसवले. बराच वेळ बघत राहिले. बुडाशी पाय होते, धूळ होती, झेंडूची एक पाकळी होती. सुटा पंख एकही नव्हता.

त्या दुपारी मी साध्या साडीत बाईंना घेऊन त्या गवळ्याच्या मळ्याकडच्या बांधावर गेले. सासू दवाखान्यात, नवरा दूध घालायला. बाईंकडे काठीला लावलेली मच्छरदाणीच्या कापडाची जाळी होती. माश्या मी जन्मभर हाकलल्या होत्या, बघितल्या कधी नव्हत्या. त्या बांधावर मी पहिल्यांदा त्या ओळखायला शिकले. कोणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून इथे सांगते.

घरात येते ती करडी माशी, पाठीवर चार काळ्या रेघा असलेली. ती शेणावर आणि उकिरड्यावर वाढते आणि तिथून थेट आपल्या ताटात येते. मोठी, घोंगावणारी, निळ्या पोटाची माशी मेलेल्या जनावराचा वास दुरून काढते. घरात ती शिरली आणि एका कोपऱ्याकडे सारखी जाऊ लागली तर त्या कोपऱ्यात उंदीर मेला आहे का बघावे. तिच्यासारखीच पण हिरवी, पितळेसारखी चकाकणारी, ती जखमेवर बसते. जनावराला जखम असेल तर तिला बसू देऊ नये. गुरांचे रक्त पिते ती गोमाशी, करड्या पंखांची, मोठ्या डोळ्यांची. तिची मादी चावते आणि चांगली कडकडून चावते. पेरूच्या झाडाखाली पडक्या फळांवर तांबूस, बारीक, मुंगीहून थोडी मोठी अशी फळमाशी भेटते. तिच्यामुळे पेरूत अळ्या होतात.

आणि मग फुलांवर हवेत एकाच जागी टांगल्यासारखी उभी राहते, झटकन बाजूला होते, पुन्हा तिथेच उभी राहते ती. अंगावर पिवळे-काळे पट्टे. अगदी मधमाशी. हिला खेड्यात वेगळे नाव मी ऐकले नाही, सगळे मधमाशीच म्हणतात. बाईंनी दोन जाळीत धरल्या, एक ही आणि एक खरी मधमाशी, आणि शेजारी शेजारी दाखवल्या.

“बघा. हिचे डोळे केवढे? सगळं डोकं डोळ्यांचंच. त्यावर बारीक ठिपके. मिशा किती आखूड? आता मधमाशीच्या बघा, लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या. मधमाशीच्या मागच्या पायाला पिवळा पराग चिकटलेला असतो. हिचे पाय कोरडे. मधमाशीसारखे कपडे घालून फिरते, कारण मग पक्षी खात नाहीत.”

“आणि चावते?”

“नांगीच नाही. हिला कोणालाच चावता येत नाही.”

“मग ह्या एवढ्या इथंच कुठून आल्या?”

बाई गोठ्याच्या मागच्या बाजूकडे निघाल्या. तिथे गोठ्यातून येणारी नाली शेणाच्या खड्ड्यात पडत होती. काडीने त्यांनी काळे पाणी ढवळले. पांढऱ्या अळ्या वर आल्या, एकेकीला उंदरासारखी लांब शेपटी. “हिची पिल्लं. शेपटी म्हणजे नाक. घाणीत बुडून तिनंच वर श्वास घेतात. ह्या घरात जी कोणी रोज नाली काढत असेल, तिला ह्या अळ्या आणि ह्या माश्या चांगल्या ठाऊक असणार.”

नाली कोण काढत असे, हे विचारायची मला गरज नव्हती. सून आल्यावर त्या घरातल्या कोणी त्या नालीकडे फिरकून पाहिले नसणार. म्हणूनच त्यांना ठाऊक नव्हते की आपल्या घाणीत वाढलेल्या माश्या आपण मधमाश्या म्हणून सरकारजमा करतो आहोत.

परत येताना मी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना विचारले, “मधमाशी चावली की काटा कातडीत राहतो ना? किती काटे काढलेत?”

“काटे?” डॉक्टर म्हणाले. “तसं बघितलं नाही. सासरच्यांनी सांगितलं मधमाश्या, आणि डाग होतेच...”

“डाग कसे होते?”

“गोल.” ते थांबले. मग स्वतःच उठले आणि वॉर्डात गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. काटा एकही नव्हता. त्यांनी नव्याने तपासणी लिहिली: गोल, भाजल्याच्या खुणा. मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला लागले असते तर थांबता आले नसते.

साहेब म्हणाले, “बाई, एवढ्यावर ते सुटतील. म्हणतील, आम्ही अडाणी, चुकून दुसऱ्या माश्या गोळा केल्या. आधी त्यांच्या तोंडून निघू दे की हीच चावली. मग त्यांना मागं सरकायला जागा नाही.”

तेव्हा मी म्हटले, “साहेब, चोराची ओळख परेड करतो तशी माश्यांची करू या.”

साहेब पहिल्यांदा हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, “करू.”

कायद्यातली ओळख परेड ही नव्हे, ती वेगळी. पण मांडणी आम्ही तशीच केली. समोरच्या चहावाल्याकडून सहा पांढऱ्या बश्या आणि सहा काचेचे पेले आणले. प्रत्येक बशीत एक जिवंत कीटक आणि वर पालथा पेला. घरमाशी, निळी, हिरवी, गोमाशी, खरी मधमाशी, आणि ती पट्ट्यांची. मधमाशी आणि पट्ट्यांची मुद्दाम शेजारी शेजारी. पंच नवे, रस्त्यापलीकडचे दोन दुकानदार. त्यातला एक किराणावाला बश्यांकडे बघून म्हणाला, “साहेब, आरोपींना चहा कोण देणार?” साहेबांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने सही करायचे पेन काढले.

आधी सासू. खोलीत आली तीच तणतणत. “माझी सून तिकडं कण्हतीया आन् तुमी मला हितं बश्या दावताय?”

“आजी, कुठली चावली तेवढं दाखवा. मग जा.”

तिने वाकून पाहिले. खरी मधमाशी पेल्याला धडका देत होती. तिच्यावरून सासूची नजर सरळ गेली आणि पट्ट्यांच्या माशीवर थांबली. “ही.”

“नीट बघा.”

“बघायचं काय? उभा जलम रानात गेलाय माजा. हीच. लई इखारी जात हाय.”

“हिच्याशेजारी आहे ती नव्हे?”

“ती कशाला? हीच म्हनलं न्हवं!”

साहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. मग सासूला बाजूला बसवून मुलाला आत आणले. त्यानेही तीच दाखवली. का नाही दाखवणार? बाटलीत त्यानेच भरल्या होत्या. त्याने छाती पुढे काढून सांगितले, “हीच साहेब. शंभर टक्के.”

मग मी कपाटामागून मोठी बरणी काढली. तोंडाला फडके बांधलेले, आत त्याच पट्ट्यांच्या माश्या, बाईंनी आणि मी नालीवरून पकडलेल्या. मी बाही वर केली आणि फडक्याखालून हात आत घातला.

नवरा मागे सरकला. “अहो बाई, नका! मरायचंय का?”

तो खरोखर घाबरला होता. त्याला अजूनही त्या मधमाश्याच वाटत होत्या. माश्या माझ्या मनगटावर चढल्या, बोटांवरून चालल्या. गुदगुल्या झाल्या. मी हात तसाच ठेवला आणि दोघांकडे बघत राहिले. खोलीत फक्त गुंगुंग आवाज होता.

“चावायला सांगा ना हिला,” मी म्हटले. “तुमची आहे. तुमच्या नालीत वाढलीय.”

सासू मान ताणून बरणीत बघू लागली. मी पुढे म्हटले,

“हिला नांगी नाही. तुमच्या शेणखड्ड्यात शेपटीच्या अळ्या असतात, त्यांची ही माशी. तुम्ही कधी नाली काढली असती तर कळलं असतं. तिला मधमाश्या चावल्या नाहीत. मग गळ्यावर गोल डाग कसले आहेत?”

साहेब नवऱ्याला शांतपणे म्हणाले, “खिसा रिकामा करा.”

विड्यांचे बंडल आणि काड्यापेटी टेबलावर आली, बश्यांच्या शेजारी. साहेबांनी बंडलातली एक विडी काढली, भिंग डोळ्याला लावले आणि तिचे टोक नुसते बघत राहिले. माणसाला मारहाण करून बोलते करणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांना मिळालेले जबाब कोर्टात कसे ढासळतात तेही. साहेबांनी टेबलावर साधी मूठही आपटली नाही.

नवऱ्याने आईकडे पाहिले. “आईच म्हणाली, हिची जीभ लई चालतीय म्हणून. आईनंच...”

सासू उसळून उठली. “मी? आरं मुडद्या! इडी कुनी लावली? मी फकस्त हात धरले हुते!”

फक्त. मी नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, पोटच्या पोराला विहिरीत टाकणारी बाई पाहिली. पण त्या ‘फक्त’ने मला जेवढा संताप आला तेवढा क्वचितच आला असेल. एक बाई, स्वतः कधीतरी सून होऊन ह्याच घरात आलेली, दुसऱ्या बाईचे हात धरून ठेवते, आणि नंतर तेच हात दवाखान्यात तिच्या पायावर ठेवून बसते. मी बरणीतून हात काढला आणि खोलीबाहेर गेले. आत थांबले असते तर माझ्यावरच खातेनिहाय चौकशी बसली असती.

पण पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. मुलीचा जबाब हवा होता, आणि मुलीची जीभ तिच्या पोरीपाशी अडकली होती. म्हणून मी तशीच त्या शेजाऱ्याकडे गेले, खडकीला नोकरीला असलेल्या त्या पंचाकडे. तो कामावर होता. दार त्याच्या बायकोने उघडले. पोरगी आतल्या खोलीत भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसली होती.

मी पोरगी उचलली. ती बाई दाराशी उभी राहून म्हणाली, “जमादारबाई, मला त्या रात्री ओरडणं ऐकू आलं होतं. मी उठले होते. पण हे म्हणाले, त्यांच्या घरातलं आहे, तू रेडिओ मोठा कर.”

“मग केलास?”

तिने मान खाली घातली. तिचा जबाब मला हवा होता, आणि तो तिने दिला, नवरा घरी यायच्या आत.

दवाखान्यात मी पोरगी आईच्या खाटेवर ठेवली. सासू आता तिथे नव्हती, कोठडीत होती. ते मी मुलीला सांगितले. तिने पोरीचे हात उलटेपालटे करून पाहिले, गळा पाहिला, पाय पाहिले. रडली वगैरे नाही. मग म्हणाली, “लिहा.”

खटला उभा राहायला वेळ लागला. त्या काळात तिचा भाऊ भोरकडून येऊन तिला घेऊन गेला. प्राध्यापकबाईंनी कोर्टात पंख आणि मिशा समजावून सांगितल्या, आणि आरोपीच्या वकिलाने मध्येच काही विचारले तेव्हा म्हणाल्या, “आधी ऐका, मग शंका विचारा, आमच्या वर्गात तशी पद्धत आहे.” न्यायाधीशही हसले.

मुलीची साक्ष झाली तेव्हा वकिलाने तिला विचारले, “अंगावर ह्या माश्या बसल्या होत्या की नाही? खरं सांग.”

“रोज बसतात,” ती म्हणाली. “गोठ्याची नाली मीच काढायची. हातावर, तोंडावर, सगळीकडं बसतात. मला त्या घरात न चावलेलं तेवढंच होतं, साहेब.”

वकील खाली बसला. नवऱ्याला सजा झाली. सासूलाही झाली, कमी. मला विचाराल तर दोघांना सारखी व्हायला हवी होती.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवले? एक तर, पुरावा स्वतः हातात आणून देणाऱ्या माणसाकडे दोनदा बघावे. दुसरे, माणसे आपल्याच घरातल्या घाणीबद्दल सगळ्यांत अडाणी असतात, कारण ती दुसऱ्या कोणाकडून तरी काढून घेतलेली असते. आणि जे मला खरे जाचते ते असे: त्या मुलीला दोघांनी भाजले, पण मधमाश्या चावल्या असे म्हणणारे कितीतरी होते. डॉक्टरांनी कागदावर लिहिले, पंचांनी सही केली, गल्लीने मान डोलावली. खोटे बोलायची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती. त्यांना फक्त त्रास नको होता.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तो खडकीवाला पंच मला भेटला. त्याला उलटतपासणीत चांगलेच फाडले होते. पंचनाम्यावर सही कशी केली, ह्याचे उत्तर त्याला देता आले नव्हते. हात जोडून म्हणाला, “जमादारबाई, आम्ही नोकरदार माणसं. आम्हाला मधमाशी आणि माशी ह्यातला फरक कुठं कळतो?”

मी म्हटले, “तो मलाही कळत नव्हता. पण तुम्हाला रेडिओचं बटण अंधारातसुद्धा बरोबर सापडलं.”

मी त्याच्या उत्तरासाठी थांबले नाही. मला ठाण्यावर परत जायचे होते. ती बाटली मुद्देमालातून कमी झाल्याची नोंद करून घ्यायची होती.